शेतीसंरक्षण बंदुकीचा परवाना वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर: ११ महिन्यांचा अनुभव

पाचपैकी अडीच स्टार देतोय. ते अडीच कुणामुळे मिळाले आणि बाकीचे कशामुळे गेले ते सगळं लिहितो, लांबलचक होईल, पण ज्यांच्या घरात अजून ठासणीची बंदूक आहे आणि वडील थकलेत त्यांनी पूर्ण वाचा, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर निदान चार महिने आणि एक भाताचं पीक वाचलं असतं.

आधी बंदूक कसली ते सांगतो, कारण शहरातल्या मित्रांना बंदूक म्हटलं की पिस्तूल कमरेला लावलेला माणूसच डोळ्यासमोर येतो. आमची ठासणीची, एकनळी, बाबांनी १९८७ साली घेतलेली, परवाना शेतीसंरक्षणाचा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं, घोडा मागे ओढून केप (बार पेटवणारी लहान टोपी) बसवायची, मग चाप. एक बार काढला की दुसरा भरायला बाबांना दीड-दोन मिनिटं लागतात, अंधारात बॅटरी तोंडात धरून तर जास्तच. दहातले नऊ बार नुसत्या दारूचे, छर्रा न घालता, वर आभाळात. मांगराकडून, म्हणजे शेतातल्या खोपीकडून, एक बार झाला की डुकरं दोन-चार रात्री आमच्या कोंडीत (आमच्या कोकणातलं भाताचं खाचर) फिरकत नाहीत. एवढाच तिचा उपयोग, आणि तो उपयोग आम्हाला वर्षाच्या जेवणाएवढा आहे.

डुक्कर काय करतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: भात दाण्यात आलंय, रात्री कळप शिरतो, सकाळी जाऊन बघावं तर पट्टेच्या पट्टे लोळवलेले, लोंब्या चावून रस घेऊन चोथा थुंकलेला, त्या चोथ्यावर माशा, चिखलात खुरांचे लहान-मोठे ठसे म्हणजे पिल्लं पण सोबत होती, आणि बांध नाकाडाने उकरून पाणी खालच्या कोंडीत गेलेलं. खाल्लं कमी आणि तुडवलं जास्त. आई अशा वेळी काही बोलत नाही, उरलेलं उभं भात हाताने सावरत बसते.

तर बाबा आता ७४ चे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतो, थरथरत्या हाताने दारू भरणं मला बघवत नाही. म्हणून ठरवलं परवाना माझ्या नावावर करून घ्यायचा. ५ फेब्रुवारी २०२४ ला अर्ज केला, परवाना हातात आला ९ जानेवारी २०२५ ला.

पहिली भेट सरकारी ऑफिसात, परवान्याच्या टेबलवर. साहेबांनी फाईल उघडली, बाबांकडे बघितलं, मला म्हणाले, "वडील हयात आहेत ना? मग कसं होईल, ते गेल्यावर वारस दाखला घेऊन या." बाबा शेजारच्याच खुर्चीत बसलेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, बस. बाहेर येऊन चहा घेताना म्हणाले, "मी मरेसर डुकरां थांबतली काय रे?" मला त्या माणसाचा राग नाही, त्याला माहीतच नव्हतं, पण ज्या टेबलवर हेच काम रोज चालतं तिथे हे माहीत नसावं याचं वाईट वाटतं.

कारण नियम स्पष्ट आहे. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे ती बंदूक २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल ते, की तो जिवंतपणी आपल्या वारसाच्या नावावर करायला देऊ शकतो. आमच्याकडे दोन्ही अटी कधीच्या पूर्ण. पुढच्या आठवड्यात मी त्या नियमाची प्रिंट काढून, त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून घेऊन गेलो, बहीण-भावाची ना-हरकत स्टॅम्पपेपरवर, बाबांचं संमतीपत्र, सातबारा, आठ-अ, सगळं. साहेबांनी वाचलं, वरिष्ठांना विचारून आले आणि फाईल घेतली. म्हणून पहिला सल्ला, नियमाची प्रिंट सोबत ठेवा, आणि आवाज न चढवता पुढे करा, काम होतं.

मी हे सगळं करताना कायदा पहिल्यांदाच नीट वाचला आणि खरं सांगतो, कायदा वाचून मला बरं वाटलं. १९५९ चा शस्त्र कायदा शेतकऱ्याच्या विरोधात नाहीये. कलम १३ मध्ये लिहिलंय की पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, दुसरी काही हरकत नसेल तर, परवाना द्यायचा, आणि ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर साध्या नळीची दुसरी बंदूकही देता येते. कलम १४ सांगतं की माणसाकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या एका कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे दोन गुंठेवाल्याचाही विचार १९५९ साली कुणीतरी केलेला होता. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली, हे आमच्यासारख्यांना फार सोयीचं झालं, नाहीतर दर तीन वर्षांनी ही वारी. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मर्यादा आली, त्याचा आमच्याशी संबंध नाही, गावात कुणाकडे दोनसुद्धा नाहीत.

मग अडतं कुठे? अडतं वेळेवर. कायदा कागदावर आहे आणि पीक शेतात आहे, आणि दोघांचं कॅलेंडर जुळत नाही.

आता निवडणुकीचं सांगतो, माझे सगळ्यात जास्त मार्क इथेच गेलेत. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. मार्च म्हणजे आमच्याकडे काजूचा सीझन, बोंडं पडायला लागली की वानर, साळिंदर, डुक्कर सगळे खाली. २७ मार्चला पोलीस स्टेशनचा निरोप आला, बंदूक जमा करा. केली. पावती मिळाली, वागणूक चांगली होती, चहासुद्धा दिला, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना वरून यादी येते. आमच्याकडे मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला, बंदूक हातात आली १४ जूनला. तोपर्यंत काजू संपून पाऊस सुरू. आणि नळीत गंज. अडीच-पावणेतीन महिने पुसापुशी नाही, त्यात कोकणातली दमट हवा, नळीच्या आत बोट फिरवलं तर तांबडी पूड बोटाला. बाबांनी ३७ वर्षं दर पंधरा दिवसांनी खोबरेल तेलाच्या फडक्याने ती बंदूक पुसलेली आहे. पडवीत बसून तासभर ते नळी घासत होते.

पुढे भात तयार झालं आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. १९ ऑक्टोबरला बंदूक परत जमा. कापणी अर्धी राहिलेली. २२ च्या रात्री कळप आला. मी आणि चुलतभाऊ पत्र्याचे डबे वाजवत, फटाके लावत होतो, फटाक्यांची डुकरांना आता सवय झालीय, लवंगी लावली तर कान पण टवकारत नाहीत. खालच्या दोन कोंडी गेल्या. मतदान २० नोव्हेंबर, निकाल २३ ला, बंदूक परत मिळाली २ डिसेंबरला, तेव्हा शेतात नुसते खुंट.

म्हणजे २०२४ या एका वर्षात ज्या दोन हंगामांसाठी हा परवाना दिलेला आहे, नेमक्या त्याच दोन्ही हंगामांत बंदूक पोलीस स्टेशनच्या कपाटात होती.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करा असं निवडणूक आयोग म्हणत नाही. छाननी समिती असते, जे जामिनावर आहेत, ज्यांच्यावर गुन्हे आहेत, जे पूर्वी दंगलीत, खास करून निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत होते, अशा परवान्यांचा विचार करून ठरवायचं असतं. मुंबई हायकोर्टानेही २००९ साली सरसकट जमा करून घेण्याबद्दल स्पष्ट निकाल दिलाय. बाबांवर आयुष्यात साधा अदखलपात्र गुन्हा नाही. मी ऑक्टोबरमध्ये लेखी अर्ज दिला की ७४ वर्षांचे शेतकरी, भात उभं आहे, सूट द्या. अर्जाचा शिक्का मिळाला, उत्तर आलं नाही. पण तुम्ही द्या. आचारसंहिता लागायच्या आधीच द्या, सातबारा, पीकपाहणी आणि नुकसानीचे फोटो जोडून. चार-पाच वाड्यांनी मिळून दिला तर अजून चांगलं. कोकणातले शेतकरी दर निवडणुकीला ही सूट मागतात, ही मागणी काही वावगी नाही. क्रीडा नेमबाजांना अशी सूट मिळते, ते योग्यच आहे, त्यांची प्रॅक्टिस बुडता कामा नये, पण मग पिकाचंही तसंच आहे ना.

आणि कर्नाटकात कोडगू बघा. तिथल्या कोडव लोकांना आणि जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमीनधारकांना ब्रिटिशांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक हायकोर्टाने २०२१ साली ती वैध ठरवली. सप्टेंबरमध्ये कैलपोळद सणाला ते बंदुकांना फुलं वाहून पूजा करतात, नारळावर नेम धरायच्या स्पर्धा लागतात. परवानाच नको असं मी म्हणत नाही, उलट परवाना हवाच, घरात लहान मुलं असतात, दारू पिणारे असतात, नोंद असलेली बरी. पण गावाच्या हातातली बंदूक म्हणजे धोकाच असं धरून चालायची गरज नाही एवढं कोडगूकडे बघून कळतं.

पोलीस व्हेरिफिकेशनला मी चार स्टार देतो. बीट हवालदार स्वतः घरी आले, वाडीतल्या दोघांचे जबाब घेतले, नंतर शेतापर्यंत चालत आले, ही गोष्ट मला फार आवडली, खुर्चीत बसून रिपोर्ट नाही लिहिला. बंदूक कुठे ठेवता विचारलं, बाबांनी माजघरातलं कुलूपबंद कपाट दाखवलं, दारूचा डबा वेगळा, केप वेगळ्या. "असंच ठेवा काका," एवढंच म्हणाले. एक स्टार कमी कारण नियमात या रिपोर्टला ३० दिवस आहेत आणि आमचा निघायला ऑगस्टअखेर उजाडली, मध्ये बंदोबस्त होता, माणसं कमी आहेत ते दिसतं डोळ्यांना.

ऑनलाइन पोर्टलला एक स्टार. ओटीपी बाबांच्या मोबाईलवर येणार, घरात रेंज नाही, मी तालुक्याला कॉम्प्युटरसमोर आणि ७४ वर्षांचा माणूस सड्यावर (डोंगरावरच्या माळावर) मोबाईल घेऊन उभा, ओटीपी आला की तिथून फोन करून सांगायचा, तोपर्यंत वेळ संपलेली, परत पहिल्यापासून. तीन वेळा असं झालं, शेवटी त्यांना सोबत नेलं. ज्यांचे परवाने जुने आहेत त्यांनी युनिक नंबर पडलाय का ते आज तपासा. राष्ट्रीय डेटाबेसमध्ये नंबर नसेल तर परवाना वैध धरत नाहीत. नंबर घ्यायची मुदत सरकारने बऱ्याचदा वाढवली, पण आमच्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांपर्यंत ती बातमी पोचलीच नाही, त्यांनी घाबरून बंदुका जमा करून टाकल्या आणि परत कधी मागितल्या नाहीत. वाडीत पाच बंदुका होत्या, आता दोन आहेत. वरच्या बाजूची नाचणी आणि वरी आता कुणी करत नाही, राखण कोण करणार.

जुलैमध्ये फाईलला त्रुटी लागली: सेफ्टी ट्रेनिंगचं एस-१ प्रमाणपत्र नाही. २०१६ च्या नियमांनी ते नवीन अर्जदाराला बंधनकारक आहे, डॉक्टरांचं एस-३ सर्टिफिकेट पण लागतं, फेब्रुवारीत कुणी सांगितलं असतं तर फेब्रुवारीतच केलं असतं.

पण ट्रेनिंगला माझ्याकडून पूर्ण पाच स्टार, आणि मनापासून. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका रायफल क्लबमध्ये झालं. शिकवणारे निवृत्त फौजी. नळी नेहमी मोकळ्या दिशेला, बोट चापावर शेवटच्या क्षणी, बार फुसका गेला तर नळी तशीच पुढे धरून निदान मिनिटभर थांबायचं, डोकावून बघायचं नाही, हे सगळं त्यांनी आमच्याकडून करून घेतलं. मग म्हणाले, ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे का रिकामी आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून गज रिकाम्या नळीत टाकून तोंडापाशी येईल तिथे गजावर खूण करून ठेवा, भरलेली असेल तर खूण वर राहील. घरी येऊन मी आमचा गज काढला. त्यावर बारीक कोयतीने पाडलेली खाच होती, गुळगुळीत झालेली. बाबांना विचारलं तर म्हणाले, घेतली त्याच दिवशी पाडली, माझ्या वडलांच्या गजाला पण होती. मला इतकी वर्षं वाटायचं तो गजाचा ओरखडा आहे.

त्या क्लबमध्ये त्या आठवड्यात पोरांची गर्दी होती, १ ऑगस्टला पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलेलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, आमच्यासारखंच डोंगरातलं गाव. दहा-बारा वर्षांची मुलं एअर रायफल धरून श्वास रोखून उभी. साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही त्यामुळे सुरुवात कुणीही करू शकतं, पुढे पॉइंट टू टू वर गेलं की सगळी कागदपत्रं आलीच. माझ्या भाच्याला मी तिथे घालणार आहे. गावातल्या पोरांचा नेम उपजतच चांगला असतो, बेचकीने आंबे पाडत वाढलेली असतात.

दुकानाबद्दल थोडं. दारू आणि केप घ्यायला आम्हाला एसटीने अडीच तास जावं लागतं, जवळ दुसरा डीलर नाही. परवान्यावर लिहिलेल्या कोट्याएवढंच देतात, नोंद करून शिक्का मारतात. मालक वयस्कर आहेत, बंदूक काउंटरवर ठेवली की आधी नळी बघतात, मग माणूस. गंजलेली नळी त्यांनीच नीट करून दिली, केप जिच्यावर बसते ते निपल बदललं, पैसे वाजवी घेतले. केप मात्र कधी असतात कधी नसतात, फोन करून जा. चार स्टार. आणि एक महत्त्वाचं, वडिलांना प्रवास झेपत नसेल तर दुरुस्तीला किंवा रिन्यूअलला बंदूक नेताना परवानाधारकाची लेखी परवानगी आणि मूळ परवाना सोबत घेऊन दुसरा माणूस नेऊ शकतो, कलम ३ मध्येच तशी सोय आहे. मी बाबांच्या सहीची चिठ्ठी खिशात ठेवून गेलो होतो, वाटेत एकदा तपासणी झाली, चिठ्ठी आणि परवाना दाखवला, सोडलं.

अजून एक गैरसमज. परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. डुक्कर मारायचं असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आणि गव्यावर तर चुकूनही छर्रा टाकू नका, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जेलची गोष्ट आहे. गवा आला तर लांबून हवेत बार काढायचा आणि आपण झाडाआड राहायचं.

आणि हे लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही. परवाना मिळायला वर्ष लागतं, मिळाला तरी हंगामात बंदूक जमा असते, म्हणून लोक थांबत नाहीत. कुणी कुंपणात करंट सोडतं, कुणी वाटेवर फासकी लावतं, कुणी खाण्यात गावठी बॉम्ब ठेवतं. फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकतो, बॉम्बने गाईचा जबडा फुटतो, करंटच्या तारेला पहाटे माणूस चिकटतो. आमच्या शेजारच्या गावात गाईचं झालेलं मी बघितलंय, ती दोन दिवस उभी होती, पाणी पिता येत नव्हतं तिला. नोंद असलेली, ट्रेनिंग घेतलेल्या माणसाच्या हातातली, हवेत वाजणारी एक ठासणीची बंदूक यापेक्षा हजारपट बरी. ज्यांच्या सहीने हे परवाने निघतात त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर कळकळीने सांगतो, शेतीसंरक्षणाच्या फाईली जूनच्या आत काढा, आणि आचारसंहितेत या परवान्यांची यादी वेगळी करून छाननी करा.

घ्यावा का परवाना? हो, घ्या. वडील सत्तरीला आले असतील तर यंदाच अर्ज करा, ट्रेनिंग आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट आधी करून मगच फाईल द्या, आणि प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स घरी ठेवा.

९ जानेवारीला परवाना घेऊन आलो तेव्हा बाबांनी फोटो माझा आहे ना ते बघितलं, मग कपाटाची चावी करगोट्यातून सोडवून माझ्या हातात दिली. फेब्रुवारीत काजूला पहिला बार मी काढला, भरताना ते शेजारी बॅटरी धरून होते. परवान्याची मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे, रिन्यूअलचा अर्ज ६० दिवस आधी द्यायचा असतो, म्हणजे नोव्हेंबर २०२९, आणि त्याच वर्षी लोकसभा आणि विधानसभा दोन्हीची मुदत संपते, म्हणून मी डायरीत ऑगस्ट २०२९ लिहून ठेवलंय.